चूक ट्रॉलीवाल्याची, हाड मोडलं पोराचं

पत्र : माझा मुलगा तेवीस वर्षांचा आहे. कुपवाडच्या एमआयडीसीत सेकंड शिफ्टला असतो. रात्री अकराला सुटला की माधवनगर, बुधगाव करत तासगाव रोडनं गावी येतो. डिसेंबरात कवठेएकंदच्या अलीकडं उसानं भरलेली ट्रॉली रस्त्यातच उभी होती. मागं लाईट नाही, काही नाही. हा मागून जाऊन धडकला. गळपट्टीचं हाड मोडलं, मनगट प्लास्टरमध्ये, कपाळाला सात टाके. हेल्मेट होतं, पण टाकीवर ठेवलेलं. सकाळी ह्यांनी जागा पाहिली, तर टायरचा लांबलचक काळा पट्टा उठलेला. हे म्हणतात, गाडी विकून टाका. सासूबाईंनी नारळ उतरवला. पोरगा म्हणतो, माझी काही चूक नाही, ट्रॉलीवाल्याची आहे. मी रोज साडेअकराला फोन करून कुठं पोचला विचारते, ताट झाकून बसते, तरी असं झालं. त्याला नोकरी सोडायला लावू का? की देवासमोर शपथ घ्यायला लावू? ट्रॉलीवाल्यावर केस करावी का? धाकटी सोळा वर्षांची आहे, स्कूटरवरून तासगावला कॉलेजला जाते. आता तिलाही पाठवायची धास्ती वाटते.
— एक आई, तासगाव तालुका

उत्तर :

ताई, पोरगा घरात आहे, दोन वेळ जेवतोय, बापाशी वाद घालतोय. आधी ह्याचं समाधान माना. नोकरी सोडायला लावू नका आणि शपथ तर अजिबात घालू नका. शपथ घातलेलं पोरगं घरापासून पहिल्या वळणापर्यंत चाळीसनं जातं, पुढं त्याचं तो बघतो. गाडी विकायची घाईही नको. सेकंड शिफ्टला रात्री अकरानंतर कुपवाडहून तुमच्या गावी दुसरं काय मिळणार आहे? महिन्याभरात तो कुणाच्या तरी मागं बसून यायला लागेल, आणि चालवणारा कसा आहे हेही तुम्हाला कळणार नाही.

चुकीचं म्हणाल, तर तुमचा मुलगा खरं बोलतोय. अंधारात, मागं दिवा नाही, लाल रिफ्लेक्टर नाही, अशी भरलेली ट्रॉली डांबरावर उभी करणं हा गुन्हाच आहे. गळीत हंगामात आपल्या भागातल्या रस्त्यांवर हे रोज चालतं. टायर फुटला, ट्रॅक्टर बंद पडला, कारखान्याच्या वजनकाट्यावर रांग लागली, की ट्रॉली आहे तिथंच सोडायची. फार तर चाकाला दगड लावायचे आणि मागं उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा पाला, टाकायचं. हिरवं वाडं रात्री कुणाला दिसणार? वर ऊस दोन्ही बाजूंनी आणि मागंही बाहेर आलेला. त्यामुळं दिवा असला तरी वाड्यात झाकला जातो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असल्या तर पुढच्या ड्रायव्हरला मागच्या टोकाला काय चाललंय याचा पत्ताही नसतो.

पण चूक कुणाची हे कोर्टानं ठरवायचं. मुलाला पुढची तीस वर्षं ह्याच रस्त्यांवर गाडी चालवायची आहे, आणि ट्रॉलीवाले त्याच्यासाठी सुधारणार नाहीत. म्हणून त्याला एकच गोष्ट समजावा : जेवढं दिसतंय तेवढ्यातच गाडी थांबली पाहिजे. मी ड्रायव्हिंग शिकवण्याच्या धंद्यात उमर घालवली. रात्रीच्या अपघातांची जी जी कहाणी कानावर आली, त्यातल्या बहुतेकींचं मूळ मला इथं सापडलं.

हिशेब साधा आहे, कागदावर त्याच्याकडूनच करून घ्या. ताशी ६० म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. समोर काहीतरी आहे हे डोळ्याला दिसणं, ते काय आहे हे डोक्यात शिरणं आणि हातपाय ब्रेकवर जाणं, ह्यात रात्री दीड सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच २५ मीटर गेले. पुढं कोरड्या डांबरावर, टायर चांगले असताना, बेताची सवय असलेला माणूस आणखी २३-२४ मीटरनं थांबतो. सगळे मिळून पन्नास मीटरच्या आसपास. आता डिपरवर, म्हणजे दिव्याचा झोत खाली असताना, गाडीचा उजेड पडतो किती? दिवा नसलेली काळपट वस्तू तीस ते चाळीस मीटरवर आल्यावरच नीट ओळखू येते. मग साठच्या वेगात ती ट्रॉली त्याला दिसली तेव्हाच धडक ठरलेली होती. तोच हिशेब ४० चा करा : ब्रेक लागेपर्यंत १७ मीटर, थांबायला १० ते ११. सत्तावीस-अठ्ठावीस मीटरमध्ये गाडी उभी. ट्रॉलीच्या मागं थांबून ट्रॉलीवाल्याला चार शिव्या घालता आल्या असत्या.

अप्परवर लांबचं दिसतं, मग अप्परच लावावा, असं तो म्हणेल. रस्ता मोकळा असेल तर लावावाच. पण समोरून गाडी आली की डिपर मारावाच लागतो, आणि समोरचा मारत नाही. हल्ली पांढरेशुभ्र एलईडी बसवून फिरणाऱ्यांनी तर उच्छाद मांडला आहे. असा झोत डोळ्यांत गेला की पुढचे दोन-तीन सेकंद माणूस आंधळा असतो. साठच्या वेगात तेवढ्यात ३५ ते ५० मीटर रस्ता न बघताच मागं पडतो. अशा वेळी समोरच्या दिव्याकडं न बघता डावीकडच्या पांढऱ्या पट्टीकडं बघायचं आणि अ‍ॅक्सिलरेटरची मूठ सोडायची. वेग आधी कमी करायचा, शिवी नंतर द्यायची. बहुतेक पोरं उलटं करतात, आपलाही अप्पर लावून बदला घेतात, आणि मग दोघंही आंधळे एकमेकांच्या अंगावर.

आता त्या काळ्या पट्ट्याकडं येतो. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात बोलकी वाटलेली गोष्ट तीच. एवढा लांब सलग पट्टा सहसा मागच्या चाकाचा असतो. चाक जाम होऊन घासत गेलं की तो उठतो. म्हणजे घाबरून त्यानं पायाचा ब्रेक पूर्ण दाबला आणि हाताचा एक तर दाबला नाही किंवा नावाला दाबला. मोटारसायकल थांबते ती मुख्यतः पुढच्या ब्रेकनं. ब्रेक लागला की सगळं वजन पुढं येतं, पुढचं चाक रस्त्याला चिकटतं आणि मागचं हलकं होतं. थांबण्याची सत्तर टक्क्यांच्या आसपास ताकद पुढच्या चाकात असते. आणि आपल्याकडं गाडी शिकवताना पहिलं वाक्य काय? "पुढचा ब्रेक दाबू नको, पलटी होशील." मामा भाच्याला सांगतो, भाचा धाकट्याला, आणि पिढ्यान्‌पिढ्या पोरं अर्ध्या ब्रेकवर गाड्या चालवतात.

हे फक्त आपल्याकडचंच नाही. अमेरिकेत हॅरी हर्ट नावाच्या प्राध्यापकांनी लॉस एंजेलिस भागातल्या नऊशे मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. १९८१ साली त्याचा अहवाल आला. त्यातही हेच होतं : ऐन वेळी माणसं मागचा ब्रेक जरुरीपेक्षा जास्त दाबतात आणि पुढचा कमी. बहुतेकांनी गाडी शिकलेली होती ती स्वतःहून नाहीतर दोस्तांकडून.

मुलाची गाडी १२५ सीसीच्या वरची आणि २०१९ नंतरची असेल तर तिला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय, असणारच, तसा नियमच आहे. बऱ्याच गाड्यांना ते फक्त पुढच्या चाकाला असतं. लिव्हर दाबली तरच त्याचा उपयोग. पैसे मोजून घेतलेली सोय त्यानं ऐन वेळी वापरलीच नाही, असं मला त्या पट्ट्यावरून दिसतं. १२५ किंवा त्याखालची गाडी असेल तर निदान सीबीएस असेल, त्यात एका ब्रेकनं दोन्ही चाकांना थोडाथोडा जोर लागतो. पण त्याच्या भरवशावर राहून पुढची लिव्हर विसरणं बरोबर नाही.

हाड जुळल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच, एका रविवारी सकाळी त्याला मोकळ्या कोरड्या मैदानावर न्या. डांबरी किंवा सिमेंटचं असावं, मातीचं नको. वीसच्या वेगानं सुरुवात करायची, मग तीस, मग चाळीस. गाडी सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकदम लावायचे. पुढची लिव्हर हिसक्यानं नाही, ओला कपडा पिळतो तशी वाढत्या जोरानं आवळायची. कुठल्या खुणेपाशी दाबला आणि कुठं थांबला, पावलं टाकून मोजायचं. मग फक्त मागच्या ब्रेकवर तेच करून बघायचं. फरक स्वतःच्या पायांनी मोजला की भाषण लागत नाही. बापानं सोबत जावं. गाडी विकायचं म्हणणाऱ्या बापाला मैदानावर नेलं की घरातला निम्मा वाद मिटतो.

एक सावधगिरी मात्र सांगा. वळणात गाडी कललेली असताना, बारीक खडीवर, चिखलावर पुढचा ब्रेक जोरात लावायचा नाही. तिथं वेग आधीच कमी करून शिरायचं. आपल्या भागात हंगामात फडातून निघालेले टायर चिखल घेऊनच डांबरावर चढतात. फडाच्या वाटेशी दहा-पंधरा फूट रस्ता चक्क शेणानं सारवल्यासारखा असतो. दव पडलं की त्यावर पाय ठेवून उभं राहणंही अवघड. त्यात उसाच्या कांड्या पडलेल्या. चाकाखाली कांडं आडवं आलं की गाडी सरकते. पावसाळ्याच्या पहिल्या सरीत तेल आणि धूळ मिळून असंच निसरडं होतं. असल्या जागा त्या पोराला तोंडपाठ असतील. तिथं मूठ सोडायची एवढंच.

हेल्मेटबद्दल मी रागावून लिहिणार होतो, पण कपाळाच्या सात टाक्यांनी ते काम केलं असेल. पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले, तिथं तुमच्या पोराला काय बोलायचं! २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती, आणि सुमारे पन्नास हजारांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र हिशेब असा, की हेल्मेटनं मरण्याचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. टाकीवर ठेवलेल्या हेल्मेटनं फक्त टाकीला ओरखडे पडत नाहीत. घेताना पूर्ण चेहरा झाकणारं घ्या, आयएसआय मार्क आणि आयएस ४१५१ हा आकडा बघून. रस्त्याकडेला ढिगात मिळणारं नको, कितीही चकचकीत असलं तरी. डोक्यात घातल्यावर गालाची कातडी त्याच्याबरोबर हलली पाहिजे. सैल हेल्मेट पडताना आधी निघून जातं. पट्टा हनुवटीखाली लावायचा, नुसता लोंबता ठेवायचा नाही. काच पारदर्शकच हवी. काळी काच रात्री लावणं म्हणजे डोळे झाकून जाणं, आणि ओरखडे पडलेल्या काचेवर समोरचा दिवा फुटून दहा दिवे दिसतात. त्या रात्री हेल्मेट टाकीवरून डांबरावर आपटलं असेल तर तेही बदला. आतला थर्माकोल एकदा दबला की परत फुगत नाही.

आता थोडं तुमच्याबद्दल, राग मानू नका. तुम्ही साडेअकराला फोन करता. त्या वेळी तो कुठं असतो? रस्त्यावर. खिशात फोन थरथरला की आईचाच असणार हे त्याला माहीत आहे. मग तो एका हातानं काढतो, नाहीतर हेल्मेटमध्ये खुपसून बोलतो, नाहीतर 'आई वाट बघतेय' म्हणून मूठ थोडी जास्त पिळतो. हेल्मेट टाकीवर असायचं एक कारण हेही असू शकतं, एकदा विचारून बघा. उद्यापासून असं ठरवा : कंपनीच्या गेटवरून निघताना त्यानं फोन करायचा, आणि त्यानंतर घरातून कुणीही फोन करायचा नाही. जेवणाची वेळही बदला. आठ तास उभ्यानं काम केलेलं पोरगं रिकाम्या पोटी मध्यरात्री थंडीत गाडीवर बसतं तेव्हा त्याचे डोळे रस्त्यावर असले तरी डोकं अंथरुणात असतं. डबा दोन वेळचा द्या. सुटल्यावर तिथंच चार घास खाऊन, चहा पिऊन, दहा मिनिटं उशिरा निघू दे. ताट झाकून बसू नका, झोपा. तुम्ही जाग्या आहात हे माहीत असलं की तो घाई करतो. आणि शिफ्ट सुटल्यावर दोस्तांबरोबर 'बसणं' होतं का, हे मात्र बापानं शांतपणे विचारावं. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, मीही गृहीत धरत नाही, पण विचारायचं राहू नये.

हंगामापुरती, म्हणजे मार्चपर्यंत, फर्स्ट शिफ्ट मागता येते का बघायला सांगा. सुपरवायझरला अपघाताचे कागद दाखवले तर बहुतेक जण ऐकतात. नाहीच जमलं तर त्याच रस्त्यानं येणारी दोघं-तिघं पोरं मिळून निघू देत. पण जोडीनं गप्पा मारत नाही, एकामागं एक, अंतर ठेवून. पुढच्याचा लाल दिवा अचानक उजळला तर मागच्याला तेवढाच इशारा. गाडी दुरुस्तीला गेलीच आहे, तर हेडलाईटचा झोत नीट लावून घ्या. धडकेनंतर तो आकाशात नाहीतर पायाशी पडतो, आणि गॅरेजवाला सांगितल्याशिवाय बघत नाही. टायर गुळगुळीत झाले असतील तर बदला. हेल्मेटच्या आणि जर्किनच्या मागं लाल-पांढरी चमकणारी पट्टी चिकटवा, किरकोळ पैशांत मिळते. ट्रॉलीवाल्याकडं नाही, निदान आपल्या पोराकडं असू दे.

आता धाकटी. तिच्याबद्दल पत्रात शेवटी एकच ओळ आहे आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटली. भीती वाटते म्हणून नाही, कायद्यानंच तिची स्कूटर आज बंद झाली पाहिजे. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, आणि बाजारातल्या नेहमीच्या स्कूटर १०० सीसीच्या पुढच्या असतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचं होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. तिनं उद्या एखाद्या म्हाताऱ्याला धक्का दिला, तर विमा कंपनी भरलेले पैसे गाडीमालकाकडून, म्हणजे तुमच्याकडूनच, वसूल करायला बघेल. घरातला एक पोरगा पट्टीत असताना ही टांगती तलवार कशाला? गावातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास असतो, अहिल्याबाई होळकर योजनेत. कॉलेजच्या ऑफिसात फॉर्म मिळेल. एसटी वेळेवर येत नाही, गर्दी असते, हे मला ठाऊक आहे. तरीही. अठरा पूर्ण झाल्यावर तिला रीतसर शिकवा, आणि तेव्हा पहिल्या दिवसापासून पुढचा ब्रेक शिकवा.

राहिली केस. करा. पंचनामा झाला असेल तर त्याची नक्कल काढा, नसेल झाला तर पोलीस ठाण्यात आजच जा. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची बिलं, बुडालेल्या पगाराचा कंपनीचा दाखला एका फाईलमध्ये ठेवा. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांचे नंबर वेगवेगळे असतात, विमाही वेगळा असू शकतो. दोन्ही नंबर पंचनाम्यात आलेत का बघा. दावा सांगलीच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा, कायद्यात त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. तिथं तुमच्या मुलाचा वेगही मोजला जाईल आणि त्याच्या वाट्याची चूक धरून भरपाई तेवढी कमी होऊ शकते, ही मनाची तयारी ठेवा. वकिलाची फी जड वाटत असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात आधी विचारा, सल्ला मोफत मिळतो.

केस वर्षानुवर्षं चालेल, ट्रॉल्या मात्र उद्या रात्रीही उभ्या राहतील. म्हणून आणखी एक कागद लिहा. तो ऊस ज्या कारखान्याला चालला होता त्याच्या शेतकी विभागाच्या नावानं, एक प्रत सांगलीच्या आरटीओला, एक तुमच्या पोलीस ठाण्याला. ट्रॅक्टरचा नंबर, तारीख, वेळ, जागा, आणि मागणी एवढीच : रिफ्लेक्टर आणि मागचा दिवा नसलेली ट्रॉली काट्यावर घेऊ नये. ऊसवाहतूकदार पोलिसाच्या पावतीला एकवेळ भीत नाही, पण खेप परत पाठवली तर संध्याकाळच्या आत रिफ्लेक्टर लावतो. अर्जावर सरपंचांची सही घ्या, आणि त्याच रस्त्यानं शिफ्टला जाणाऱ्या पोरांच्याही. तिन्ही ठिकाणी शिक्का मारलेली पोच मागून घ्या, तोंडी 'बघतो' वर परत येऊ नका.